लिफाफ्याबाहेर राहिलेलं कार्ड

माझ्या आत्याला एक औषध चालत नाही. कुठलं, ते एका कार्डावर लाल शाईत लिहिलेलं होतं आणि ते कार्ड माझ्या प्रोग्राममधून नाहीसं झालं. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नक्की काय घडलं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळलं तेव्हा ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही. आता पहिल्यापासून लिहून काढतो आहे, म्हणजे निदान मला तरी क्रम लागेल.

आमच्या डॉक्टरकाकांचा दवाखाना देवास गेटजवळ आहे. वडिलांची बँकेतली बदली होऊन आम्ही उज्जैनला आलो, त्या वर्षी माझा गोवर त्यांनीच बरा केला. वडिलांपाठोपाठ त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, इथे आली आणि तिला इथल्याच एका जुन्या मराठी घराण्यातलं स्थळ मिळालं. त्यामुळे आमचं सगळं दुखणंखुपणं एकाच दवाखान्यात जमा होत गेलं.

काकांची नोंदी ठेवायची रीत वेगळी होती. दर घराचा एक खाकी लिफाफा. लिफाफ्यावर घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, आत घरातल्या प्रत्येकाचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड. लिफाफे मोहल्ल्यांप्रमाणे कपाटाच्या खणांत. घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की लोक पत्रिका घेऊन यायचे, आणि काका तिथेच त्या मुलीचं कार्ड माहेरच्या लिफाफ्यातून बाहेर काढायचे. सासर गावातलंच असेल तर जुन्या नावाखाली नवं नाव लिहून ते सासरच्या लिफाफ्यात जायचं. सासर बाहेरगावी असेल तर ते मुलीच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, "दागिन्यांसारखं जप, कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी आधी हे दाखव." हे सगळं प्रत्यक्ष करायच्या त्या जीजी. जीजी म्हणजे दवाखान्यात नोंदी सांभाळणाऱ्या बाई, पक्क्या माळव्यातल्या. काकांच्या पेशंटांना स्वतःचं घर माहीत नसेल इतकं जीजींना ते माहीत असतं.

मग कपाटाला वाळवी लागली. दोन खण आतून पोखरले गेले आणि मी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, आपणहून म्हणालो, "काका, मी तुम्हाला एक प्रोग्राम करून देतो."

मी इंदूरच्या एका कंपनीचं काम नानाखेड्यातल्या घरी बसून करतो. आठवडाभर तक्त्यांत बुडालेला असतो. बहुतेक डेटाबेस म्हणजे तक्तेच: एक घरांचा, एक माणसांचा, एक आजारांचा. माणूस हवा असला की या तक्त्यांतले त्याचे तुकडे गोळा करून जोडायचे. मला त्याचा कंटाळा आला होता. काकांचा लिफाफा डोळ्यांसमोर इतका स्वच्छ दिसत होता की त्याचे तुकडे करायला हात धजेना. एक दुसरा प्रकार मला वाचून माहीत होता, ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेस. त्यात वस्तू आहे तशी ठेवता येते. लिफाफा म्हणजे लिफाफा, त्यात कार्डं, कार्डांत भेटी. काढायची तशीच, ठेवायची तशीच.

इंदूरच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "पूरी दुनिया टेबल में बैठती है, तेरा डॉक्टर ही नहीं बैठता?"

माझं तिथे घोडं अडलं. पंधरा दिवस मी वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे तक्ते आणि उजवीकडे ऑब्जेक्ट असं लिहीत बसलो. सोमवारी डावी बाजू जड व्हायची, बुधवारी उजवी. बायको म्हणाली, एवढा विचार तुम्ही लग्नाच्या वेळी केला नव्हता. एक गोष्ट मात्र उजव्या बाजूला ठळक होती. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. आत्याची दोन नावं, जीजींच्या कपाटात अशा कितीतरी बायका. ऑब्जेक्टची ओळख त्याच्या नावात नसते. नाव बदला, आडनाव बदला, वस्तू तीच राहते. हे मला फार आवडलं होतं. तरी निर्णय होईना.

शेवटी काकांनाच विचारलं. ते कुणाचं तरी ब्लडप्रेशर बघत होते.

"काका, तुमच्या लेखी मुख्य काय, माणूस की घर?"

"अरे, खोकला कधी एकट्याचा असतो का?" ते पट्टा सोडता सोडता म्हणाले. "एक खोकत आला की मी त्या घरातल्या बाकीच्यांची कार्डं काढून बघतो. घर बघ आधी."

ठरलं. खरं सांगायचं तर निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतला म्हणून मला हायसं वाटलं.

या डेटाबेसचा एक नियम इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्याला एक मूळ असतं. मुळापासून निघून ज्या वस्तूपर्यंत पोचता येतं ती वस्तू राहते. माझ्या प्रोग्राममध्ये मुळापासून मोहल्ला, मोहल्ल्यातून घर, घरातून माणूस अशी वाट होती. जिथवर कुठलीच वाट जात नाही ती वस्तू निकामी समजायची, आणि महिन्यातून एकदा झाडलोट होते तेव्हा ती आपोआप पुसली जाते. म्हणजे पुसायचं काम वेगळं लिहावंच लागत नाही. मला ही फार मोठी सोय वाटली होती. मित्राला मी ती फुशारकीनं सांगितलीही होती.

जीजींनी वर्षभर बसून सगळी कार्डं टाइप केली. पडद्यावर 'घरातून काढा' आणि 'घरात घाला' अशी दोन बटणं मी त्यांना करून दिली होती, लग्नाच्या मुलींसाठी. मग होळीच्या आधी काकांनी विचारलं, "वाळवीचे कागद जाळून टाकू? नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. दवाखान्याच्या मागच्या अंगणात ते सगळे खाकी लिफाफे जळाले आणि आम्ही तिघांनी तिथेच उभं राहून चहा घेतला.

त्याच वर्षीच्या थंडीत आत्या आमच्याकडे आली. एक बॅग, एक शाल. "चार दिवस राहते," म्हणाली. साठी उलटलेली बाई, सदतीस-अडतीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. आतोबांनी कधी आवाज चढवल्याचंही आम्ही ऐकलं नव्हतं. काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची आमच्यात पद्धत नाही. चार दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा महिना. ती माझ्या मुलीच्या खोलीत झोपायची. मुलीचं दहावीचं वर्ष होतं.

जूनमध्ये तिला ताप आला. लघवीला जळजळ, थंडी वाजून येणं, दुसऱ्या दिवशी उठवेना. मी तिला दवाखान्यात नेलं. काकांनी तपासलं आणि संगणकात तिचं नाव शोधायला लागले. सासरचं नाव घातलं, काही नाही. माहेरचं घातलं, काही नाही. मी खुर्ची ओढून स्वतः बसलो. आतोबांचं घर उघडलं. त्यात आतोबा एकटे. आमचं घर उघडलं. त्यात आम्ही सगळे होतो, वारलेले वडीलसुद्धा होते, आत्या नव्हती.

"कार्ड जाऊ दे," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज जाऊ देण्यासारखा नव्हता. "हिला एका गोळीनं मोठी रिॲक्शन आली होती. तोंड सुजलं, श्वास अडकला. मी लाल शाईत लिहिलं होतं. कुठली गोळी, ते आठवत नाही रे आता."

आत्याला विचारलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "पांढरी गोळी होती. मला तर नाव-बिव काही याद नाही. तुमच्याकडे लिहिलंय म्हणून मी कधी ध्यानातच ठेवलं नाही."

काकांनी दोन-तीन नावं मनातल्या मनात घोळवली. या दुखण्यावर जी औषधं त्यांनी लिहिली असती, त्यातलंच एक ते असावं असं त्यांना वाटत होतं. मोठ्या इस्पितळात पाठवलं तरी तिथला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार होता. "आज तापाची गोळी देतो, ती हिला नेहमी चालते. उद्यापर्यंत बघ काही सापडतं का. त्यापलीकडे थांबणं ठीक नाही." जीजी असत्या तर कदाचित त्यांना आठवलं असतं. पण त्या भाचीच्या लग्नाला महिदपूरला गेल्या होत्या आणि फोन लागत नव्हता.

घरी येऊन मी मशीनवर बसलो. बॅकअप होता, पण शेवटच्या दोन महिन्यांचाच. जागा वाचवावी म्हणून जुने मी स्वतःच पुसत होतो. दोन्हींत आत्या नव्हती. मग मी प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. कुठेही चूक नव्हती, आणि त्यानं डोक्याचा जास्तच भुगा झाला. चूक सापडली असती तर निदान तिच्यावर चिडता आलं असतं. मित्राला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "टेबल में होती तो कहीं तो पड़ी रहती. घर का कॉलम खाली रहता, बस." मी फोन ठेवून दिला. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्त राग आला.

प्रोग्राम बटणांची एक रोजनिशी ठेवतो, ती शेवटी उघडली. जानेवारीत एका दुपारी आत्याच्या सासरच्या घरातून एक माणूस काढल्याची नोंद होती. त्यानंतर 'घरात घाला' हे बटण कुणी दाबलेलंच नव्हतं. म्हणजे ती एका घरातून निघाली आणि दुसऱ्या घरात पोचली नाही. महिनाअखेर झाडलोट झाली आणि नियमाप्रमाणे तिला निकामी समजून पुसण्यात आलं. नियम मीच केला होता. तरी त्या क्षणी मला दोनच माणसं दिसत होती. एक आतोबा, कारण तिचं कार्ड घरातून काढून टाका असं त्यांच्याखेरीज कोण सांगणार? आणि दुसऱ्या जीजी, ज्या अर्धंच काम करून उठल्या.

सकाळी आत्याला म्हटलं, "आतोबांना विचारून बघू?"

"त्यांना नको विचारू," ती म्हणाली. मग पांघरूण ओढून घेत म्हणाली, "त्यांना काय मालूम असणार."

मी तिला न सांगता फ्रीगंजला आतोबांकडे गेलो. उन्हाचा कडाका होता. वाटेत रिक्षात बसून मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. एवढ्या वर्षांच्या बायकोचं नाव घरातून खोडायला जीभ कशी उचलली, असं काहीसं. आतोबांनी दार उघडलं. बनियनवर होते, हातात वर्तमानपत्र. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "तिला काही झालं का?"

"ताप आहे," मी म्हटलं. "कार्ड सापडत नाही. ती कुठली तरी गोळी..."

"सल्फा," ते म्हणाले. "सल्फाचं काहीच द्यायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी झालं होतं. मी सायकलवर डबल सीट नेलं होतं हिला देवास गेटला, ओठ एवढे सुजलेले. सल्फा. लिहून घे."

माझ्याजवळ कागद नव्हता. मी मोबाइलवर लिहिलं. मी रिक्षात जुळवलेलं सगळं भाषण कुठे गेलं कळेना. तरी खुमखुमी उरलेलीच होती. मी विचारलं, "मग तुम्ही तिचं कार्ड काढायला का सांगितलंत?"

"म्हणजे? कार्ड माणसाबरोबर जायला नको? मी जीजींना म्हटलं, ती आता भावाच्या घरी आहे, तिचं कार्ड तिकडे द्या, तिला लागेल." मग दाराची कडी उगाचच वरखाली करत म्हणाले, "परत येते म्हणाली की येईन घ्यायला. तसं मात्र सांगू नकोस."

मी गोंधळून परत निघालो. ज्या माणसाला सोडून ती आली त्याला गोळीचं नाव पाठ होतं. तिला स्वतःला नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, माझ्या एवढ्या हुशार डेटाबेसला नव्हतं. मग ती त्याला सोडून का आली? आणि तो तिला न्यायला का येत नाही? मला यातलं काही समजलं नाही, आजही समजत नाही. काकांना फोन करून नाव सांगितलं. "बरोबर, सल्फाच," ते म्हणाले आणि मोठा श्वास सोडला. "तेच लिहिणार होतो बघ पहिलं." फ्रीगंजच्या भर बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मी बसून राहिलो.

दुपारी दुसरं औषध सुरू झालं. संध्याकाळपर्यंत तिनं वाटीभर पेज घेतली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी दवाखान्यात प्रोग्राम दुरुस्त करायला गेलो. दुरुस्ती किरकोळ होती. मुळालाच एक यादी जोडली, सगळ्या माणसांची, घर असो वा नसो. आता कुणालाही कुठल्याही घरातून काढलं तरी तो माणूस मुळाला धरून राहतो. अर्ध्या तासाचं काम. हे आधीच का सुचलं नाही म्हणून मी माझ्यावरच चरफडत होतो.

जीजी लग्नाहून परतल्या होत्या, हातावर मेंदी होती. आत्याचं कार्ड नव्यानं करायला त्या बसल्या. दोन्ही नावं घातली. सल्फाची ओळ मी लाल करून घेतली.

"किसके घर में डालूँ?" त्यांनी विचारलं.

"हमारे," मी म्हटलं. आणि राहवेना म्हणून पुढे बोललो, "जीजी, जनवरी में ही डाल देतीं तो इतना कुछ नहीं होता."

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "जनवरी में आपसे पूछा तो था, भैया. आप बिटिया की खून की रिपोर्ट लेने आए थे. मैंने कहा, फूफाजी बुआजी का कार्ड उधर से निकलवा गए हैं, आपके घर में डाल दूँ? आपने बोला, अभी रहने दो, देखते हैं."

मी म्हणणार होतो की असं काही झालंच नाही. पण ती दुपार मला आठवली, सबंध आठवली. हातात रिपोर्टचा कागद होता. त्याच सकाळी बायकोनं विचारलं होतं, आत्या अजून किती दिवस आहेत? मुलीनं अभ्यास कुठे करायचा? आत्याला आमच्या घरात घाला असं म्हणणं म्हणजे ती आता राहायलाच आली आहे हे कबूल करणं होतं, आणि ते जीजींसमोर, एका संगणकाच्या पडद्यासमोरही मला जमलं नाही. देखते हैं म्हटलं आणि कागद घडी करून खिशात घातला. मग विसरलो. किती सहज विसरलो याची आता लाज वाटते.

"फिर मैंने दुबारा नहीं पूछा," जीजी म्हणाल्या. "घर की बात थी आपकी." त्यांनी बटण दाबलं आणि आमच्या घरात आत्याचं नाव शेवटच्या ओळीत आलं.

आत्या अजून आमच्याकडेच आहे. कॉलनीतल्या बायका संध्याकाळी खाली बाकावर बसतात, त्यांना ती ही हकिकत रंगवून सांगते. "कॉम्प्युटरनं माझं कार्डच खाल्लं हो. डॉक्टर हैरान, सगळे हैरान. मग माझ्या या भाच्यानं दोन दिवस डोळ्याला डोळा न लावता ते शोधलं, म्हणून मी वाचले." मी भाजीची पिशवी घेऊन बाजूनं जात असलो की मला थांबवते, माझ्या दंडाला धरते आणि त्यांना दाखवते. त्या बायका कौतुकानं बघतात. मी त्यांच्याकडे बघून हसतो आणि आत्याचं बोलणं खोडून काढत नाही.